वाळूची पेटी

प्रिय मास्तरीणबाई,

आता तुला हेच म्हणायचं ठरवलंय मी. तुझं पत्र मंगळवारी आलं. पहिल्यांदा मी एकटीने वाचलं, मग तुझ्या आजोबांना वाचून दाखवलं, आणि मग शेजारच्या शिवणवालीला उगाच हाक मारून पुन्हा वाचलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण माझी नात शाळेत विज्ञान शिकवते एवढं कळलं, आणि मला तेवढंच तिला कळवायचं होतं. माझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडून चालत गेल्यासारखं, तेव्हा भिंग घेऊन बस. तिसरीतून काढलेल्या बाईने एवढं लिहायचं म्हणजे किती वेळ जातो ते मलाच ठाऊक. हे दुपारी झोपले की बसते. जाग आली की कागद पिठाच्या डब्यामागे. यांना दिसत नाही, तरी लपवते. ते का, ते पुढे येईल.

तू लिहिलंस की येत्या सोमवारी नववीला रासायनिक बंध शिकवायचेत, आणि मुलांच्या चांगलं लक्षात राहावं म्हणून शेवटी आजोबांची गोष्ट सांगणार आहेस. पेटलेल्या मॅग्नेशिअमवर त्यांनी चुकून पाणी टाकलं, त्यात एक माणूस गेला आणि यांचे डोळे गेले. त्यांना विचारून घ्यायला सांगितलंस, ते चांगलं केलंस. मी ते वाक्य वाचलं तेव्हा हे वाटाणे सोलत बसले होते. हात थांबले. मग म्हणाले, “सांग म्हणावं. निदान चाळीस पोरांना तरी कळेल, काय करू नये ते.” आणि पुन्हा सोलायला लागले. एकही दाणा खाली पडला नाही त्यांच्या हातून. मी मात्र सालींबरोबर दाणेही केरात टाकले, इतकी भांबावले.

तर त्या गोष्टीबद्दल मला तुला काही सांगायचंय, आणि ते सोमवारच्या आत. ती तुला जशी माहीत आहे तशी घडली नाही. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला माहीतच आहे. तुझी आई म्हणते, आईला दुकानाचा पत्ता विचारला तर आधी दुकानदाराच्या सासूची तब्येत कळते.

आधी चांगलं सांगते. सुट्टीतले ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी तू स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचीस आणि मला धडा द्यायचीस. म्हणालीस, आजी, तुला कळलं तर वर्गाला कळलंच. मी विचारलं, म्हणजे मी काय वर्गातली सगळ्यात ढ? तर हसत मान डोलावलीस, निर्लज्ज कुठली. पण मला कळलं की नाही? अजून पाठ आहे. मिठात एक सोडिअम नावाचा धातू, जो पाण्यात टाकला तर पेट घेतो, आणि एक क्लोरीन, ज्याचा वास छातीत गेला तर माणूस गुदमरतो. धातूला आपल्याकडचं एक इलेक्ट्रॉन नकोसं झालेलं, अधातूला एक हवंसं झालेलं. हा देऊन टाकतो, तो घेऊन टाकतो, आणि मग दिल्या-घेतल्यामुळेच दोघं एकमेकांना असे धरून बसतात की काही विचारू नकोस. इतक्या वाईट चालीचे दोघे, आणि त्यांचं मिळून आपण जेवणात घालतो. तेव्हापासून मिठाचा डबा मी जरा अदबीने उघडते.

पाण्याचं आणि साखरेचं वेगळं. तिथे सगळे अधातू, सोडायला कुणीच तयार नाही, म्हणून मधे ठेवतात आणि दोघांचं म्हणतात. मी तुला तेव्हा म्हटलं होतं, मी आणि माझी बहीण एका छत्रीतून शाळेत जायचो तसं. दांडा दोघींच्या हातात, आणि हात सोडायची टाप नाही कुणाची. आणि नुसते धातू-धातू असले तर आपलं सुटं सगळ्यांनी मोकळं सोडलेलं, कुणाचं कोणतं ते विचारायचं नाही. म्हणून तारेतून वीज पळते, आणि म्हणून पातेलं ठोकलं तर पोचा पडतो पण फुटत नाही, मिठाचा खडा मात्र एका ठोक्यात भुगा. तू गेल्यावर मी दोन्ही ठोकून पाहिलं. यांनी बाहेरून विचारलं काय चाललंय, मी म्हटलं शाळा. दूधवाल्यालाही मी हे सगळं सांगितलं. तो आता भांडं दारातच ठेवून पळतो.

हसतेस ना? हस. पण मला किती आनंद झाला होता ते तुला कळायचं नाही. जन्मभर मला काय करायचं तेवढं लोक सांगत आले. हे झाड, ते पूस, इथे हात लावू नको. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. सत्तरी उलटल्यावर नातीने समोर बसवून ‘का’ सांगितलं. मला वाटायचं, एखाद्या बंद खोलीची किल्ली मिळाली.

आता कारखान्याचं सांगते. तुझ्या आईने तुला जे सांगितलंय ते ऐकीव; ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आणि एक गोष्ट तिने सांगितली नसणार, कारण ती कुणाला सांगण्यासारखी वाटत नाही. मीही त्याच कारखान्यात होते. हे लेथवर, मी झाडूवर. सकाळी एकत्र जायचो, गेटातून आत गेलो की हे डावीकडे आणि मी पाण्याच्या नळाकडे.

यांच्या लेथवर यंत्रांची हलकी झाकणं कातायची असायची. त्या धातूचा कीस पडायचा, चांदीच्या केसांसारखा, हातात घेतला तर वजनच लागायचं नाही. समोरच्या लेथवर मौनी. त्याला मौनी म्हणायचे कारण त्याचं तोंड एक क्षण बंद नसायचं. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचा, मग यंत्र बंद पडलं तरी त्याच आवाजात बोलायचा. यांना म्हणायचा, तुझ्या बायकोने झाडल्यावर जमीन इतकी स्वच्छ होते की थुंकायलाही जागा उरत नाही. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत जेवायचो. माझ्या बाळंतपणात तिने माझं डोकं धुतलंय. एवढी ओळख.

मिस्त्रीने लेथवरच्या माणसांना उभं करून शिकवलं होतं. हा धातू लोखंडासारखा नाही. याचा कीस पेटला तर पाणी नाही, कोरडी वाळू. बाजूने दोन फावडी टाकायची आणि मागे सरायचं. त्यासाठी यंत्रापासून चार पावलांवर लाकडाची मोठी उघडी पेटी होती, वाळूने भरलेली, वर फावडं आडवं ठेवलेलं. झाडूवालीला कुणी उभं केलं नाही. मला फक्त पाटी दाखवली, ‘यंत्राजवळ पाणी आणू नये’. मी अक्षर लावून वाचली आणि पाळली. बाकी सगळ्या कारखान्यात मी आधी पाण्याचा हबका मारायचे, मग केर काढायचे, म्हणजे धूळ बसते. यंत्राभोवती मात्र कोरडी झाडायचे. चार वर्षांत तिथे माझ्या हातून थेंब पडला नाही. हे मी छातीला हात लावून सांगते.

वाळूच्या पेटीपलीकडे रंगवाला असायचा. रंगवलेली झाकणं तो तारेवर वाळत घालायचा आणि मोठा पंखा लावायचा. त्या वाऱ्याने पेटीतली वाळू उडायची आणि ओल्या रंगावर बसायची. रंगवाला माझ्यावर खेकसायचा, तुझ्या केरामुळे माझ्या मालाला देवी आल्या म्हणून. मी सांगायचे, केर नाही बाबा, वाळू आहे. तर म्हणायचा, मग वाळूला आवर. सारखा तोच पाढा, दुसऱ्यांच्या देखत. शेवटी मी आवरली. रोज सकाळी जमिनीवर हबका मारताना दोन तांबे पेटीतही शिंपडायला लागले. पाटी यंत्राजवळ होती, पेटीवर काही लिहिलेलं नव्हतं. वाळू उडायची थांबली. रंगवाला म्हणाला, आता कशी अक्कल आली. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या कारखान्यात मला कुणी अक्कल आहे म्हटल्याची ती एकच वेळ.

दुपारपर्यंत वरचा थर सुकायचा, पांढरा दिसायचा. पाहणाऱ्याला वाटावं, कोरडीच आहे.

त्या दिवशी यांच्या लेथच्या हत्याराची धार बोथट झाली होती, ती धातूवर घासली, ठिणगी पडली आणि कीस पेटला. मी अंगणात नळावर होते. भिंतीवर पांढरा उजेड पडला, भर दुपारी भिंतीवर माझी सावली पडावी इतका. मग मिस्त्रीची हाक ऐकू आली, वाळू, वाळू. मग दणका. छपराचा पत्रा वर गेला आणि खाली आला. मौनी जाळाच्या पलीकडे उभा होता, त्याच्यावर सगळं उडालं. तिसऱ्या दिवशी गेला, आणि त्या तीन दिवसांत तो एक शब्द बोलला नाही. यांचं तोंड आणि डोळे भाजले. तोंड बरं झालं.

चौकशीला साहेब आले. ते म्हणाले, असा भडका फक्त पाण्याने उडतो. हत्यारं धार लावून थंड करायची पाण्याची बादली, पाटी असूनही, तिथे जवळच होती, आणि ती उपडी सापडली. पळताना कुणाचाही पाय लागला असेल. पण कागदावर लिहिलं गेलं की कामगाराने घाबरून पाणी टाकलं. हे डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या, तसेच खाटेवरून सांगत राहिले, मी वाळू टाकली, माझ्या हातात फावडं होतं. साहेब गोड बोलायचे, म्हणायचे अशा वेळी माणसाला आठवत नाही. मिस्त्रीने पेटी पाहिली असेल का? देव जाणे. पेटी तर दणक्याने फुटून वाळू सगळीकडे झाली होती. त्यांनी सगळ्यांना विचारलं, रंगवाल्यालाही. मला विचारलं नाही. झाडूवालीला काय विचारायचं? मी तेव्हा दवाखान्यात यांच्या उशाशी बसून होते.

पुढचं तुला थोडंथोडं माहीत आहे. तुझ्या आईला शाळेत ‘पाणीवाल्याची’ म्हणायचे. मौनीची बायको समोरच्या गल्लीत राहते, अजून राहते, पण छत्तीस वर्षांत माझ्याशी बोलली नाही. भाजीच्या गाड्यावर मी दिसले तर हातातली भाजी परत ठेवून निघून जाते. आणि हे रोज तेच सांगायचे. जेवताना, दाढी करून घेताना, मधेच थांबून. मी वाळूच टाकली. फावड्याचा दांडा हाताला लागला होता, बादलीची कडी नाही, मला फरक कळतो. बारा वर्षं सांगत होते. मी काय म्हणायचे? म्हणायचे, जाऊ द्या हो, झालं ते झालं. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांना कळत होतं. जिच्या भरवशावर जगायचं तीच म्हणते जाऊ द्या. बाराव्या वर्षी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “पाणीच टाकलं असेन मी. एवढी माणसं चुकीची नसतील.” त्यानंतर वाळूचं नाव त्यांनी काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. बघ, हेही लिहिते. मला वाटलं, चला, आता घरात शांतता.

आणि मग तू आलीस, आणि अकराव्या की बाराव्या दिवशी मॅग्नेशिअमवर आलीस. ते एक नाही, दोन इलेक्ट्रॉन द्यायला बसलेलं असतं, आणि ऑक्सिजन दोन घ्यायला. पेटल्यावर त्याची देण्याची घाई इतकी, की पाणी टाकलं तर पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, ती एका छत्रीतली जोडी फोडून. मग मागे राहिलेला हायड्रोजन सुटतो आणि तोही पेटतो. विझवायला टाकलेलं पाणीच जाळ होतं. तू वहीत बाण काढून दाखवत होतीस, आणि मी खुळी, खूश होते, कारण मला सगळं कळत होतं. कळता कळता माझ्या तोंडातून निघालं, आणि वाळू ओली असली तर? तू मान वर न करता म्हणालीस, “ओली वाळू म्हणजे पाणीच की आजी,” आणि पान उलटलंस.

मी उठले आणि शेगडी बंद केली. ती पेटलेलीच नव्हती. तू म्हणालीस, आजी दमली, आज इथेच थांबू. तुला काय कल्पना. तू मला ‘का’ सांगत होतीस, आणि मी चार महिने झाले त्या ‘का’ला घेऊन भांडी घासतेय.

हे आधी कधी मनात आलंच नव्हतं का, असं तू विचारशील. आलं होतं. स्फोटानंतरच्या आठवड्यात एकदा, दवाखान्याची फरशी पुसणारी बाई पाण्याचा हबका मारत होती, ते पाहून मला वाळूची पेटी आठवली. पण मी स्वतःला सांगितलं, दोन तांब्यांनी काय होतंय, वाळू ती वाळू. मिस्त्रीला विचारता आलं असतं. नाही विचारलं. तेव्हा मला कळलं नाही हे खरं, पण कळून घ्यायची भीती वाटली हेही तितकंच खरं आहे. नववीच्या मुलांना एकच खरं सांगायचं असेल तर हे दुसरं सांग.

यांना सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. एकदा अंघोळीला पाणी काढताना, एकदा बागेत बाकावर, एकदा परवा, तुझं पत्र वाचून झाल्यावर. म्हणाले काय गं, काही म्हणत होतीस? मी म्हटलं, चहात साखर पुरे का? तेव्हा पुरे म्हणाले. तोंडाने माझ्याच्याने होणार नाही. आणि घरात आलेली पत्रं मीच वाचून दाखवते, हे पत्र मी कशी वाचू? म्हणून रविवारी तू ये. सोमवारच्या धड्याचं काय करायचं ते नंतर ठरव. सकाळच्या गाडीने ये, हे कागद बरोबर घेऊन ये, आणि त्यांच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. मी खोलीतच असेन, दाराजवळ. माझी दया येऊन काही गाळू नकोस, आणि ते मधे बोलले तर थांब, त्यांना बोलू दे. चोवीस वर्षं ते या गोष्टीवर गप्प आहेत. ते माझ्याकडे तोंड करून काही बोलले नाहीत तर मला त्यांच्याजवळ ढकलू नकोस. आणि बाहेर जायचं म्हणाले तर काठी हातात दे आणि त्यांना मौनीच्या घरी घेऊन जा. पोरी, तिथे त्यांना स्वतः सांगू दे, की हातात फावडं होतं. तुम्ही परत आल्यावर मी जाईन, एकटी. तिने दार उघडलं नाही तर दाराबाहेरून सांगेन, पण सांगेन.

रविवारी तुझ्या तोंडून हे ऐकेपर्यंत तरी तुझीच,

आजी